कर्जाचा कागद आणि आपले हक्क

(केदारखेडा येथे पालक-विद्यार्थी मेळाव्यात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



शिक्षण संस्थेच्या व्यासपीठावरून बहुधा तालीमचे महत्त्व, गुणवत्ता, नोकरीच्या संधी यांवर बोलले जाते. ते योग्यच आहे. पण आज मी निराळाच विषय घेतला आहे. तो विषय म्हणजे कर्जाचा कागद. शाळेच्या कार्यक्रमात कर्जाची गोष्ट कशाला, असे कुणाला वाटेल. माझे उत्तर साधे आहे. आपल्या भागात शाळा अर्धवट सुटण्याच्या कारणांचा माग काढला तर अनेक घरांत तो एखाद्या कर्जापाशी जाऊन थांबतो. हप्ता थकला म्हणून मुलगा कामाला जातो, शेत गेले म्हणून घर शहराकडे जाते, आणि मुलीची शाळा तर सर्वांत आधी सुटते. म्हणून ज्याला मुलांच्या शिक्षणाची काळजी आहे, त्याला घरातल्या कर्जाचीही काळजी करावी लागते.

आपण भोकरदन तालुक्यातली, पूर्णेच्या खोऱ्यातली माणसे. कापूस, मका, सोयाबीन आणि मिरची ही आपली पिके. पिंपळगाव रेणुकाईच्या बाजारात मिरचीला भाव मिळाला तर घरात दिवाळी आणि ईद दोन्ही, आणि पाऊस हुकला तर बी-बियाण्याचे पैसेही अंगावर. अशा कोरडवाहू मुलखात कर्ज हा कुणाचा दुर्गुण नसतो. पेरणी, आजारपण, मुलीचा निकाह, मुलाचा प्रवेश, गाडीचा हप्ता, दुकानाचा माल, कुठल्या ना कुठल्या कारणाने पैसा उसना घ्यावाच लागतो. तेव्हा कर्ज घ्यावे की न घ्यावे यावर मी प्रवचन देणार नाही. घेताना काय पाहावे, अन्याय झाला तर कुठे जावे, आणि गप्प का बसू नये, एवढेच सांगणार आहे.

जुना इतिहास

कर्जाच्या कागदाने महाराष्ट्राच्या इतिहासात मोठी उलथापालथ केली आहे. १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी युद्ध चालू होते. तिकडचा कापूस इंग्लंडला जाईना, म्हणून इकडच्या कापसाचे भाव चढले. सावकारांनी सढळ हाताने कर्जे दिली. युद्ध संपले, भाव कोसळले, त्यातच शेतसाऱ्याची नवी वाढीव आकारणी आली. कर्ज मात्र तसेच राहिले.

त्यातच एक विलक्षण गोष्ट घडली. १८५९ साली सरकारने मुदतीचा कायदा केला. जुनी कर्जे वर्षानुवर्षे लोंबकळत ठेवून सावकाराने दावे करू नयेत, असा त्याचा हेतू होता. पण सावकाराने त्यावर तोड काढली. मुदत संपण्याआधी तो कुणब्याला बोलावी, थकलेले व्याज मुद्दलात मिळवी आणि नवे रोखे लिहून घेई. व्याजावर पुन्हा व्याज. पन्नास रुपयांचे कर्ज काही वर्षांत दुप्पट-तिप्पट होई, आणि अंगठा देणाऱ्याला आकड्याचा पत्ताही नसे. कायदा चांगला असला तरी ज्याला कागद वाचता येत नाही त्याच्यावर तो कसा उलटतो, याचे याहून चांगले उदाहरण मिळणार नाही.

अखेर १२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातील सुपे गावी बाजाराच्या दिवशी उठाव झाला आणि पुणे व अहमदनगर जिल्ह्यांत तो पसरला. इतिहासात त्याला ‘दख्खनचे दंगे’ म्हणतात. शेतकऱ्यांचा मुख्य रोख माणसांवर नव्हता, कागदावर होता. गहाणखते, रोखे आणि हुकूमनामे हिसकावून त्यांच्या होळ्या केल्या गेल्या. आपल्या दुःखाचे मूळ कुठे आहे हे त्या अडाणी म्हटल्या गेलेल्या माणसांनी अचूक ओळखले होते.

सरकारने चौकशी आयोग नेमला आणि १८७९ साली दख्खन शेतकरी साहाय्य कायदा केला. पुणे, सातारा, सोलापूर आणि अहमदनगर या जिल्ह्यांसाठी तो होता. न्यायाधीशाने केवळ कागदावरचा आकडा न पाहता व्यवहाराचा मुळापासूनचा इतिहास तपासावा, मुद्दलापेक्षा जास्त व्याज मंजूर करू नये, शेतकऱ्याला पावती आणि हिशेब मिळावा, दस्त गावच्या निबंधकासमोर लिहिला जावा, कर्जापायी शेतकऱ्याला तुरुंगात टाकू नये, अशा तरतुदी त्यात होत्या. आजच्या कायद्यांची बीजे त्यातच आहेत. महात्मा फुले यांनी ‘शेतकऱ्याचा असूड’ १८८३ साली लिहिला, त्यातही सावकार आणि कोर्टकचेरी यांच्या जात्यात भरडलेला शेतकरीच आहे. त्याही आधी, संत तुकाराम महाराजांनी आपल्या वाट्याची कर्जखते इंद्रायणीत बुडवली असे परंपरा सांगते. कर्जाच्या कागदाचे ओझे या भूमीला किती जुने आहे, ते यावरून लक्षात यावे.

आपला भाग त्या वेळी निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. इंग्रजी मुलखातला १८७९ चा कायदा इकडे नव्हता. पैसा सावकाराचा, आणि धान्य उसने घेतले तर सवाई-दिढीने परत. मणाला सव्वा मण किंवा दीड मण, तेही एका हंगामात. संस्थानाचा सावकारी नियंत्रणाचा कायदा १३४९ फसलीत, म्हणजे १९३९-४० च्या सुमारास झाला. स्वातंत्र्यानंतर १९५१-५२ मध्ये देशभर ग्रामीण पतपुरवठ्याची पाहणी झाली. शेतकऱ्याच्या कर्जापैकी जवळजवळ ७० टक्के सावकारांकडून आलेले होते. सहकारी संस्थांचा वाटा ३ टक्क्यांच्या आसपास आणि सरकारचाही तेवढाच. पुढे १९६९ साली १४ बँकांचे राष्ट्रीयीकरण झाले, सोसायट्या वाढल्या, पतसंस्था आल्या. सावकार मात्र गेला नाही. त्याने फक्त कपडे बदलले.

लिहून घ्या ही शिकवण

आपल्या घरांत या विषयावर बोलण्याची एक अडचण आहे. सूद घेणे आणि देणे आपल्या दीनमध्ये मना आहे, हे लहान मुलालाही ठाऊक असते. त्यामुळे गरजेपोटी ज्याने व्याजाचा पैसा घेतला, तो ते लपवून ठेवतो. बायकोला सांगत नाही, भावाला सांगत नाही, मशिदीत शेजारी बसणाऱ्याला तर मुळीच सांगत नाही. देणाऱ्याला हे चांगले माहीत असते. आमची लाज हेच त्याचे खरे तारण असते. हा माणूस तक्रार करणार नाही, याची त्याला खात्री असते, आणि त्या खात्रीवर तो वाटेल तो दर लावतो. आणखी एक कडू गोष्ट बोलून टाकतो. व्याजाने पैसा फिरवणारा दरवेळी परकाच असतो असे नाही. तो प्रत्येक समाजात आहे, आपल्यातही आहे.

मला पालकांचे लक्ष दुसऱ्या एका गोष्टीकडे वेधायचे आहे. कुरआन शरीफमधील सर्वांत लांब आयत, म्हणजे सूरह बकराची २८२ वी, नमाज किंवा रोजा यांविषयी नाही. ती उसनवारीच्या व्यवहाराविषयी आहे. मुदतीचा व्यवहार केला तर लिहून ठेवा, लिहिणाऱ्याने इन्साफाने लिहावे, मजकूर देणेकऱ्याने सांगावा, तो दुबळा असेल तर त्याच्या वतीने पालकाने सांगावा, साक्षीदार ठेवा, रक्कम लहान असो की मोठी, लिहिण्याचा कंटाळा करू नका, असा तिचा आशय आहे. त्याच्या थोडे आधी, देणेकरी अडचणीत असेल तर त्याला सवड द्यावी, असेही सांगितले आहे. मय्यताच्या मालमत्तेतून वारसांना वाटे देण्याआधी त्याचे कर्ज फेडावे, हाही हुकूम आहे.

याचा अर्थ असा की कर्ज बुडवणे ही हुशारी नव्हे. घेतलेले मुद्दल परत करणे हे कर्तव्यच आहे. पण लेखी हिशेब मागणे हा अविश्वास नव्हे, भांडणही नव्हे. मजकूर देणेकऱ्याने सांगावा या एका गोष्टीचा विचार करा. आज उलट चालले आहे. मजकूर देणारा पैसेवाला, लिहिणारा त्याचा माणूस, आणि कर्जदार फक्त खुणा केलेल्या जागी सह्या करतो. भावाभावांत, मित्रामित्रांत बिनव्याजी कर्ज-ए-हसना दिले तरी ते लिहावे. त्यामुळे नाती तुटत नाहीत, टिकतात.

आजचे सापळे

आता आपल्या आजूबाजूला जे चालते त्याकडे येऊ. पहिला प्रकार ‘नावावर खरेदी’चा. शेतकऱ्याला दोन लाख हवे असतात. सावकार म्हणतो, ‘गहाणखत कशाला? खरेदीखतच करून दे, पैसे फेडलेस की परत फिरवून देतो.’ रजिस्ट्री होते, सातबाऱ्यावर नाव बदलते. तोंडी शब्दाला कागदावर जागा नसते. पुढे पैसे घेऊन गेले तरी हा म्हणतो, मी तर जमीन विकत घेतली आहे. संपत्ती हस्तांतरणाच्या कायद्यात परतीच्या अटीची विक्री हे गहाण मानण्याची सोय आहे, पण ती अट त्याच विक्रीच्या दस्तात लिहिलेली असावी लागते. वेगळ्या कागदावरची किंवा तोंडी अट त्या कलमाखाली चालत नाही. म्हणून कर्जासाठी खरेदीखत कधीही करून देऊ नका. एकरभर जमीन दोन लाखांत जाते, आणि पिढ्यांचा आधार जातो.

दुसरा प्रकार कोऱ्या कागदाचा. सही केलेला कोरा चेक, कोरा स्टॅम्प पेपर. चेक परत गेला की कलम १३८ खाली फौजदारी खटला होतो. दोन वर्षांपर्यंत कैद किंवा चेकच्या दुप्पट रकमेपर्यंत दंड अशी शिक्षा आहे. सही केलेल्या कोऱ्या चेकवर समोरच्याने रक्कम भरली तरी देणे नव्हते हे सिद्ध करण्याचा भार सही करणाऱ्यावर येतो, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये सांगितले आहे. वीस हजार घेतले आणि चेकवर दोन लाख निघाले, तर तुमचा पुरावा काय? अशा खटल्याआधी नोटीस येते. ती मिळाल्यापासून पंधरा दिवसांची मुदत असते. ती फाडून टाकू नका, वकिलाकरवी उत्तर द्या.

तिसरा प्रकार जामीनदाराचा. ‘फक्त एक सही’ म्हणून भिडेखातर माणूस जामीन राहतो. १८७२ च्या करार कायद्याप्रमाणे, करारात निराळे ठरले नसेल तर, जामीनदाराची जबाबदारी कर्जदाराइतकीच असते. आधी मूळ कर्जदाराला धरा, मग मला, असे त्याला म्हणता येत नाही. जेवढे स्वतः फेडू शकाल तेवढ्यालाच जामीन राहा.

चौथा प्रकार व्याजाच्या भाषेचा. विद्यार्थी मित्रांनो, इथे तुमचे गणित कामाला येते. ‘पाच टक्के’ म्हटले की ऐकायला थोडे वाटते, पण ते दरमहा असते. म्हणजे वर्षाला साठ टक्के. पन्नास हजारांवर महिन्याला अडीच हजार, वर्षाला तीस हजार, आणि मुद्दल जिथल्या तिथे. कंपन्यांच्या कर्जात दुसरी खुबी असते. समजा बारा हजार रुपये बारा टक्के ‘फ्लॅट’ दराने एका वर्षासाठी घेतले. व्याज १,४४० आणि हप्ता महिन्याला १,१२०. पण तुम्ही तर दर महिन्याला मुद्दल फेडत असता, वर्षभर पूर्ण बारा हजार तुमच्याजवळ नसतात. खरा हिशेब केला तर हा दर सुमारे साडेएकवीस टक्के पडतो. त्यातून फाईल चार्ज आणि विमा आधीच कापून घेतला तर तो आणखी चढतो.

पाचवा प्रकार महिलांच्या गटाचा. आपल्या माता-भगिनींनी बचत गट आणि कंपनीचा गट यांतला फरक ओळखला पाहिजे. बचत गटात पैसा आधी तुमचा असतो, नंतर बँक त्याला जोड देते. कंपनीच्या गटात पैसा कंपनीचा असतो आणि एकीचा हप्ता चुकला की साऱ्यांवर दबाव येतो. एक कर्ज फेडायला दुसरे, दुसरे फेडायला तिसरे, अशी साखळी तयार होते. आणि हल्ली मोबाईलवर पाच मिनिटांत कर्ज देणारी ॲप आली आहेत. फोनमधले नंबर आणि फोटो काढून घेऊन नातेवाइकांत बदनामीची धमकी देणाऱ्या ॲपमुळे अनेक तरुणांचे हाल झाले आहेत.

कायद्याचे दरवाजे

हे सारे ऐकून निराश होऊ नका. दरवाजे आहेत, फक्त कोणता कुणासाठी ते ओळखले पाहिजे.

खाजगी सावकारासाठी महाराष्ट्र सावकारी (नियमन) अधिनियम २०१४ आहे. परवान्याशिवाय सावकारी करणे हा गुन्हा असून त्याला पाच वर्षांपर्यंत कैद किंवा पन्नास हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. कर्ज देताना परवाना नसेल तर न्यायालय सावकाराला वसुलीचा हुकूमनामा देत नाही. परवानाधारकाचे दरही शासनाने २०१४ मध्ये ठरवून दिले: शेतकऱ्याला तारणी कर्जावर सालाना ९ टक्के व विनातारण १२ टक्के, इतरांना तारणी १५ व विनातारण १८ टक्के. आता तुलना करा. पन्नास हजारांवर ९ टक्क्यांनी वर्षाचे व्याज साडेचार हजार, आणि मघाचे पाच टक्के महिन्याने तीस हजार! शिवाय एकूण व्याज मुद्दलापेक्षा जास्त घेता येत नाही. जुन्या दामदुपटीचेच हे तत्त्व. प्रत्येक भरण्याची पावती देणे सावकारावर बंधनकारक आहे. धमकावणे, पाठलाग करणे, घराभोवती घुटमळणे हाही या कायद्याने गुन्हा आहे.

सर्वांत महत्त्वाचे कलम १८ वे. सावकारीच्या व्यवहारातून तक्रारीआधीच्या पंधरा वर्षांच्या आत जी स्थावर मालमत्ता सावकाराच्या ताब्यात गेली, मग ती खरेदीखताने का गेलेली असेना, तिची चौकशी जिल्हा निबंधक करू शकतात. व्यवहार सावकारीचा होता असे सिद्ध झाले तर तो दस्त रद्दबातल ठरवून जमीन परत देण्याचा आदेश ते देऊ शकतात. मघाशी तोंडी अटीमुळे बंद झालेला दरवाजा इथे उघडतो. पण उघडायला चावी लागते, आणि ती चावी म्हणजे पुरावा. दिलेल्या पैशांच्या नोंदी, बँकेतून गेलेली रक्कम, बाजारभावापेक्षा कितीतरी कमी दाखवलेली किंमत, खरेदीनंतरही जमीन तुमच्याच वहिवाटीत असणे, शेजाऱ्यांच्या साक्षी, हे सारे उपयोगी पडते. अर्ज तालुक्याला सहायक निबंधक, सहकारी संस्था यांच्याकडे किंवा जालन्याला जिल्हा उपनिबंधकांकडे करता येतो. पंधरा वर्षांची मुदत लक्षात ठेवा. उद्या-परवा करीत बसाल तर हक्क हातचा जाईल.

बँका आणि रिझर्व्ह बँकेकडे नोंदलेल्या वित्त कंपन्या यांना हा सावकारी कायदा लागत नाही. त्यांच्यासाठी रिझर्व्ह बँकेचे नियम आहेत. १ ऑक्टोबर २०२४ पासून मंजूर होणाऱ्या नव्या किरकोळ कर्जात ‘की फॅक्ट स्टेटमेंट’, म्हणजे कर्जाच्या मुख्य बाबींचे पत्रक, कर्जदाराला समजेल अशा भाषेत द्यावे लागते. त्यात सर्व खर्च धरून वर्षाचा खरा दर लिहावा लागतो, आणि जो आकार त्यात नाही तो तुमच्या स्पष्ट संमतीशिवाय घेता येत नाही. उशिराच्या हप्त्याचा दंड व्याजात मिळवून त्यावर पुन्हा व्याज लावायला २०२३ च्या परिपत्रकाने मनाई केली. १८५९ नंतरची ती जुनी युक्ती इथे कायद्याने अडवली आहे. कर्ज पूर्ण फिटल्यावर मालमत्तेचे मूळ कागद तीस दिवसांत परत द्यावेत, संस्थेच्या दोषाने उशीर झाला तर दिवसाला पाच हजार रुपये भरपाई द्यावी, असाही नियम १ डिसेंबर २०२३ पासून लागू झाला.

गटाच्या छोट्या कर्जासाठी २०२२ चे नियम आहेत. वर्षाला तीन लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या कुटुंबाला दिलेले असे कर्ज विनातारण असावे. घरातल्या सर्व कर्जांचे हप्ते मिळून महिन्याच्या उत्पन्नाच्या निम्म्यापेक्षा जास्त होऊ नयेत. मुदतीआधी फेडले तर दंड नाही. वसुली ठरलेल्या ठिकाणीच करायची, लागोपाठ दोन वेळा कर्जदार तिथे आला नाही तरच घरी यायचे. सकाळी ९ पूर्वी आणि संध्याकाळी ६ नंतर तगादा नाही. शिवीगाळ नाही, नातेवाईक-शेजाऱ्यांना त्रास नाही. इतर कर्जांच्या वसुलीसाठी फोनची वेळ सकाळी ८ ते संध्याकाळी ७ अशी २०२२ मध्येच सांगितली गेली. वसुलीसाठी गुंड पाठवणे चालणार नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २००७ मध्येच बजावले होते.

नियम मोडला तर आधी त्या बँकेकडे किंवा कंपनीकडे लेखी तक्रार करावी आणि पोच घ्यावी. तीस दिवसांत उत्तर आले नाही किंवा समाधान झाले नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जावे. त्याला फी नाही. चौकशीसाठी १४४४८ हा क्रमांक आहे. पतसंस्थेबद्दल तक्रार असेल तर ती मात्र सहकार खात्याच्या निबंधकाकडे.

तिसरा दरवाजा ग्राहक आयोगाचा. १९७४ साली बिंदुमाधव जोशी यांनी पुण्यात ग्राहक पंचायतीचे काम सुरू केले, महाराष्ट्रात चळवळ उभी राहिली, आणि १९८६ साली ग्राहक संरक्षण कायदा झाला. त्याची जागा २०१९ च्या कायद्याने घेतली आणि तो जुलै २०२० पासून अंमलात आला. या नव्या कायद्यात ‘अन्याय्य करार’ ही कल्पना प्रथमच आली. अवाजवी अनामत घेणे, करारभंगाबद्दल नुकसानीच्या मानाने अतोनात दंड लावणे, ठरलेला दंड देऊनही मुदतीआधी कर्ज फेडू न देणे, कारणाशिवाय एकतर्फी करार मोडणे, संमतीशिवाय करार दुसऱ्याच्या हाती सोपवून ग्राहकाचे नुकसान करणे, गैरवाजवी आकार किंवा अट लादणे, हे सर्व त्यात येते. करारच अन्याय्य आहे अशी तक्रार राज्य आयोगाकडे करावी लागते, तर सेवेतील दोषाची तक्रार जालन्याच्या जिल्हा आयोगात करता येते. घटनेपासून दोन वर्षांच्या आत तक्रार करावी. वकील लावलाच पाहिजे असे नाही. मार्गदर्शनासाठी १९१५ हा राष्ट्रीय क्रमांक आहे.

वकिलाची गरज पडली आणि ऐपत नसली, तर १९८७ च्या कायद्याप्रमाणे विधी सेवा समितीकडून मोफत वकील मिळतो. स्त्रियांना तर उत्पन्नाची अटही नाही. आपल्या माता-भगिनींनी ही गोष्ट ध्यानात ठेवावी.

घरोघरी करावयाच्या गोष्टी

पावतीचे महत्त्व एका घटनेने सांगतो. २०१५ साली शासनाने विदर्भ व मराठवाड्यातील शेतकऱ्यांची परवानाधारक सावकारांकडील कर्जे फेडण्याची योजना आणली. ज्यांचे कर्ज परवानाधारकाच्या वहीत होते त्यांना तिचा लाभ होता. ज्यांनी बिनपरवाना सावकाराकडून तोंडी व्यवहार केला होता, त्यांच्यासाठी त्यात काहीच नव्हते. कर्ज दोघांचेही खरे होते, कागद एकाकडेच होता.

म्हणून पालकांना माझ्या थोड्याच विनंत्या आहेत. कोऱ्या कागदावर व कोऱ्या चेकवर सही करू नका. कर्जासाठी खरेदीखत देऊ नका. कराराची प्रत मागून घ्या. पैसा शक्यतो बँकेतून द्या-घ्या, रोख दिला तर त्याच क्षणी पावती घ्या. प्रत्येक भरण्याची तारीख आणि रक्कम एका वहीत लिहा. दर विचारताना ‘महिन्याला की वर्षाला’ हा प्रश्न विचारल्याशिवाय उठू नका. आणि कर्ज घेण्यापूर्वी घरात बोला. ज्या कर्जाची गोष्ट बायको-मुलांपासून लपवावी लागते, ते कर्ज बहुधा घेण्याजोगे नसते.

जमातीच्या जबाबदार मंडळींनाही सांगणे आहे. कर्जात बुडालेल्या माणसाला मसला सांगून मान खाली घालायला लावणे सोपे आहे. त्याच्याबरोबर निबंधकाच्या कचेरीपर्यंत चालत जाणे अवघड आहे. पण तेच त्याच्या कामाचे आहे. ज्याला लाज वाटायला हवी तो दहा टक्के महिन्याने पैसा देणारा आहे, अडचणीत सापडलेला नव्हे.

आणि आता विद्यार्थ्यांनो, शेवटची गोष्ट तुमच्यासाठी. तुमच्यापैकी कित्येक जण आपल्या घरात दहावीपर्यंत पोहोचलेले पहिलेच आहात. तुमच्या आजोबांनी ज्या कागदावर अंगठा दिला, तो त्यांना वाचता येत नव्हता. तुम्हाला येतो. तेव्हा घरात एखादा कर्जाचा कागद आला तर तो आधी तुमच्या हातात आला पाहिजे. वडिलांना, अम्मीला तो मोठ्याने वाचून दाखवा. न कळलेल्या शब्दाखाली रेघ ओढा आणि तो शब्द शिक्षकांना विचारा. दराचा हिशेब मांडा. हप्त्यांची वही तुम्ही ठेवा. शेजारच्या आपाला तिच्या गटाचे पासबुक वाचून द्या. इन्साफाने लिहिणाऱ्याची जी जबाबदारी मघाशी सांगितली, ती या गावात तुमच्या वाट्याला आली आहे असे समजा.

१८७५ साली सुप्याच्या बाजारात लोकांनी कागद जाळले, कारण ते वाचण्याचे साधन त्यांच्याजवळ नव्हते. आपल्याला कागद जाळण्याची गरज नाही. तो वाचता आला, त्याची प्रत ठेवता आली आणि तो घेऊन योग्य कचेरीत जाता आले, की पुरे आहे. 

खुदा हाफिज. जय हिंद, जय महाराष्ट्र.